मार्गे

एकतीस वर्षं मी गाड्या लावल्या.
सहा दहाची नंदुरबार, मार्गे सटाणा.
पावणेआठची शिरपूर, मार्गे मालेगाव.
सुरगाण्याची मुक्कामी, जी रात्री तिथेच झोपते
आणि पहाटे दुधाचे कॅन घेऊन परतते.
मी स्वतः सीबीएसच्या खिडकीआड,
हातात लाल रिफिल.

आता तीच फूटपट्टी, तसाच आखीव कागद,
आणि वर लिहिलंय: नाशिक ते पोर्तो.
मार्गे काठमांडू, काशगर, समरकंद, तब्रीझ.
पोर्तोच का, सगळे विचारतात.
निर्मला सांगते, तिथेही नदीकाठी द्राक्षं आहेत.
द्राक्षं बघायला एवढ्या लांब?
पिंपळगाव काय वाईट आहे?

निर्मला गांगुर्डे, उंटवाडी रोड, ड्रायव्हिंग स्कूल.
अर्ध्या सिडकोला तिने क्लच सोडायला शिकवलं.
मला सर्वांत शेवटी, बासष्टाव्या वर्षी.
गाडीही तिचीच, शिकवणीची जुनी बोलेरो,
मागच्या काचेवर पुसट झालेला लाल एल,
आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी
दुसरा ब्रेक.

फूटपट्टी सरळ ठेवली
तर रेघ वाघ्यावरूनच जाते.
तिथे फाटक बंद.
म्हणून उत्तरेला वळसा, बर्फातून.
तिबेटात वाटाड्या सक्तीचा,
आपल्याच गाडीत बसणार, आपल्याच पैशाने जेवणार.
भगर खाईल का तो? निर्मलाची काळजी.
माझी वेगळी: पाच हजार मीटरवर
श्वास कसा लागतो ते बघायला
आम्ही कसारा घाट तीनदा चढलो.
काही कळलं नाही. भजी मात्र खाल्ली.

तुर्कमेनिस्तान पाच दिवस देतं.
पाच दिवसांत वाळवंट ओलांडा,
नाहीतर...
नाहीतर काय, ते मला कुठे सापडलं नाही.
मी पेन्सिलीने लिहिलं, विलंब: शून्य,
आणि एकटीच हसले.
इतकं खोटं मी नोकरीतही लिहिलं नव्हतं.

चीन लागला की उजव्या बाजूने चालायचं,
ते थेट पोर्तोपर्यंत.
म्हणून सुट्टीच्या दिवशी अंबडला,
बंद कारखान्यांच्या मोकळ्या रस्त्यांवर
आम्ही उलट्या बाजूने गाडी चालवतो.
एक वॉचमन शिट्टी मारत धावत आला.
मावशी, चुकीच्या बाजूला आहात!
निर्मलाने काच खाली केली.
इथे, ती म्हणाली. फक्त इथे.

मग कार्नेट, म्हणजे गाडीचा पासपोर्ट.
त्यासाठी निर्मलाने एफडी मोडली.
बँकेतला पोरगा, मिशी नुकती फुटलेली,
समजावून सांगतो: मॅडम, ही हमी
गाडी परत येण्याची.
आणि आमची?
त्याने खरंच शोधलं, स्क्रीन वरखाली करून.
तसा रकाना नाहीये, मॅडम.

घरी येऊन मी कागद काढला.
पोर्तोसमोर परतीची वेळ रिकामी होती.
बराच वेळ लाल रिफिल हातात.
मग लिहिलं: मुक्कामी.

काल द्वारकेजवळ जब्बार मिस्त्रीकडे.
फॅनबेल्ट दोन, डिझेल फिल्टर सहा,
स्टेपनीच्या जोडीला आणखी एक टायर,
छपरावर जाळी, जाळीवर पाण्याचा ड्रम.
तो डाव्या सीटखाली वाकला, टॉर्च दातांत धरून,
आणि तिथूनच विचारलं,
बाई, हा जादाचा ब्रेक काढून टाकू?
लांबचा पल्ला आहे, पायाला जागा होईल.

काढ, निर्मला म्हणाली.
राहू दे, मी म्हणाले.
एकाच वेळी.

जब्बार बाहेर आला, हात फडक्याला पुसले,
दोघींकडे आळीपाळीने पाहिलं,
ठरवा आणि सांगा, म्हणत
चहाला निघून गेला.

निघायला बेचाळीस दिवस आहेत.
मी डाव्या सीटवर बसून पाहिलं,
पाय आपोआप तिथेच जातो.